लांबचा दोर

१८ एप्रिल

ताई,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र लिहितो. पत्र फाडायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं. पत्ता पिंगीकडून काढला. तुझ्या लेकीवर रागावू नकोस, मामा म्हणून मी तिच्यावर जरा वजन टाकलं. धुलाईघराच्या पत्त्यावर पाठवतोय, म्हणजे तुझ्या हातात पडेपर्यंत त्याला साबणाचा वास लागलेला असेल.

आम्ही सगळे ठीक आहोत. पत्र असंच सुरू करायचं असं गावच्या शाळेत शिकवलं होतं, म्हणून लिहिलं. खरं म्हणजे आम्ही थकलो आहोत. पंपघरातला एक माणूस कमी केल्यापासून त्याचंही काम माझ्याकडे आलंय. दिवसभर शहराचं पाणी टाकीवर चढवायचं आणि मग स्वतः जिने चढून घरी यायचं. तुझी भावजय शाळेच्या स्वयंपाकघरात उभी असते, ती घरी येऊन पुन्हा ओट्यापाशी उभी राहते. आई बसून असते, पण तिचा रेडिओ एवढा मोठा असतो की खालच्या मजल्यावरच्या शिंप्याला बातम्या आमच्याआधी कळतात. आवाज कमी कर म्हटलं की म्हणते, "नको, आत्ताच घेतला चहा." वय झालं तिचं. सकाळी मी देवापुढे हात जोडून बसतो, तेवढाच काय तो घरातला शांत वेळ, आणि त्यातही हल्ली मी काही मागत नाही. मागायला सुद्धा त्राण लागतं.

पत्राचं कारण वेगळंच आहे. मे महिन्यात आम्ही नेहमीसारखे तळ्यावर जातोय. आईनं परवा माळ्यावरून तंबू काढायला लावला आणि खोलीभर पसरून त्याच्यावर बसून राहिली. ताडपत्रीच्या कारखान्यात ती मशीनवर होती तेव्हा उरलेल्या तुकड्यांतून तिनं तो शिवला, हे तुला काय सांगायचं, सुईत दोरा ओवायला तूच बसायचीस. खाकी, निळा, हिरवा आणि कुठल्याशा दुकानाच्या छपराचा तो पट्टा, त्याच्यावरचं अर्धं अक्षर अजून दिसतं. आमचा टिल्लू त्याला "आजीचा नकाशा" म्हणतो. आईनं एका उसवलेल्या जागी सुई घातली, ओढली, आणि ठेवून दिली. म्हणाली, "यंदा शेवटचा. कापड आता टाका धरत नाही. सुई घातली की भोक पडतं, शिवण पडत नाही. परत आलो की फाडून फडकी करा." तुझी भावजय म्हणाली, "आई, नवा आणू." आई म्हणाली, "नव्यात झोपायला घर काय वाईट आहे?"

म्हणून लिहितोय. तंबू उभा करताना आई जवळच्या दोरावर, तू पलीकडे लांबच्या दोरावर, पोरं आत खांब धरून, आणि मी खुंट्या ठोकत फिरायचो. तू यायची बंद झालीस तेव्हापासून लांबचा दोर आम्ही झाडाला बांधतो. तंबू उभा राहतो, पण एका अंगाला कलतो. आई दरवर्षी त्याच्याकडे बघून म्हणते, "झाडाला ताण कळत नाही."

तू शेवटची आलीस त्या दिवशी दोर टाकून निघून गेलीस. तंबू पोरांच्या अंगावर बसला, पोरं आतल्या आत हसत होती, आणि तू पिंगीला हाताला धरून बाहेर ओढलंस आणि बसच्या रस्त्याला लागलीस. भाऊजींचं घर तू सोडलंस हे आम्हाला नंतर कळलं. मला वाटलं, त्याचाच संकोच असेल. विचारलं नाही. आपल्या घरात विचारायची रीत नाही. जेवलास का एवढंच विचारतात, आणि त्याचं उत्तर हो असतं.

यंदा ये. आईनं सांगितलं म्हणून लिहीत नाही. तिला हे पत्र माहीतसुद्धा नाही.

तुझा,
महाराज
(तूच ठेवलेलं नाव. घरात आता दुसरं कुणी म्हणत नाही.)


३० एप्रिल

ताई,

तुझं उत्तर मिळालं. पोस्टकार्डाची एवढी जागा असताना तू तीनच ओळी लिहिल्यास. "मी आईला सांगितलं होतं की मी त्यांना सोडतेय. ती म्हणाली, सोडू नकोस. ज्या घरात मला हे उत्तर मिळालं तिथं मी येणार नाही."

आधी एक कबूल करतो. गेल्या पत्रात मी लिहिलं की आईला माहीत नाही. ती शेजारीच बसली होती. "कुणाला रे?" म्हणाली, मी तुझं नाव घेतलं, तर "पंपघराला? पगाराचं लिही," म्हणाली. मग कागदाकडे बघून तिला काय समजायचं ते समजलं असावं, कारण लिहून होईपर्यंत तिनं रेडिओ लावला नाही.

तुझं कार्ड मी दोनदा वाचलं. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. तू तिला कधी सांगितलंस, आदल्या संध्याकाळी चहाच्या वेळी असेल, मी कुठं होतो, लाकडं आणायला गेलो असेन. भाऊजी कसे होते ते आपल्यात मलाच थोडंफार दिसलं होतं. तुझ्या हातावरचा तो डाग इस्त्रीचा नव्हता. तेव्हाही मी विचारलं नाही.

या खेपेला विचारलं. आई गॅलरीत बसून पायाला तेल चोळत होती. तिच्यासमोर स्टुलावर बसलो आणि म्हटलं, "आई, ताईला तू सोडू नकोस म्हणाली होतीस?"

तिचा हात थांबला. "म्हणाले. मग काय, सोड म्हणू?"

"असं कसं म्हणालीस?"

"असं कसं म्हणजे? पोरांचा विचार नको करायला? तिच्या जिवावर सगळं उभं होतं. थोडा वेळ धरून ठेवायला काय झालं होतं?" मग परत तेल चोळायला लागली. "आणि शेवटी सोडलंच की. एक अक्षर न बोलता. एवढं काय लागलं तिला, कळलंच नाही मला."

मी स्टूल उचलून आत आलो. बोलण्यासारखं होतं काय? जिनं आपल्या बापाच्या पश्चात मशीनवर बसून आपल्या दोघांना वाढवलं, तिनं लेकीला असं सांगावं आणि वर विचारावं, एवढं काय लागलं. ताई, मी तुझ्या बाजूचा आहे. पण रोज तिच्या ताटात वाढणारा मी आहे, तिला जिन्यावरून हाताला धरून उतरवणारा मी आहे. तू रागावून लांब राहू शकतेस. मी रागावलो तर औषध कोण देणार? तू गेलीस, मी राहिलो, हे मला लिहायचं नव्हतं. लिहिलं गेलं. खोडत नाही.

येऊ नकोस असंही मी म्हणत नाही. ये म्हणायचं तोंड मात्र मला राहिलं नाही. पिंगीला नेहमीसारखी पाठव. पोरं तिची वाट बघतात.

महाराज


१० मे, तळ्यावरून

ताई,

सकाळचं ऊन आहे, डब्याच्या झाकणावर कागद ठेवून लिहितोय, अक्षर वेडंवाकडं येईल. पण तुला हे आजच लिहायला हवं.

क्रमानं सांगतो. परवा आलो. पिंगी बसमधून एकटी उतरली, पाठीवर पिशवी, तुझ्यासारखीच खांदा पुढे काढून चालते. आई तिला बघून म्हणाली, "उंची कुठून आणलीस?" आणि मग पहिल्यांदा पाण्याकडे गेली, तंबू नाही, सामान नाही. तुला आठवत असेल. गाडीतून उतरल्यावर सांधे धरलेली म्हातारी काठाशी पोचेपर्यंत बारा वर्षांची झालेली असते. जुना गाऊन, केस सोडलेले, पोरांच्या आधी आत. तुझी भावजय काठावरून म्हणत राहिली, "आई, गुडघ्यापर्यंतच," आणि आई पाठीवर पडून हात पसरून तरंगायला लागली. कान पाण्याखाली, तोंड आभाळाकडे. टिल्लू तिच्याभोवती घिरट्या घालत "बोट आली, बोट आली" म्हणत होता. मी काठावर बसलो. मला पोहायला जायचंही त्राण नव्हतं. ती मात्र हसत होती. कारखान्यात इतकी वर्षं काढलेल्या बाईला असं हसताना मी दुसरीकडे कुठं बघितलेलं नाही. घरी नाहीच.

आमच्या मोठ्या लेकीशी, मोठीशी, ती पत्त्यात लबाडी करते. पिंगीशी चपटे दगड पाण्यावर उडवायची पैज लावते आणि हरली की म्हणते, "वारा तुझ्या बाजूनं होता." परवा संध्याकाळी तिनं तिघांना ओळीत बसवून ओले पाय वाळूत बुडवायला लावले आणि कुणाचं पाऊल मोठं ते मापलं. सगळ्यात लहान तिचं निघालं. टिल्लू म्हणाला, "आजी, तू आटतेस." ती म्हणाली, "हो, दोन वाजलेत." पोरं एकमेकांकडे बघून हसली. ते हसणं मी तेव्हा नीट बघायला हवं होतं.

पहिल्या रात्री वारा होता म्हणून राखणदाराच्या पडवीत झोपलो. काल सकाळी तंबू उभा करायला घेतला. मोठी आणि टिल्लू आत खांब धरून, आई जवळच्या दोरावर. मी लांबचा दोर घेऊन झाडाकडे चाललो, तर पिंगी म्हणाली, "मामा, मी धरते." "आईच्या जागी मी." तिनं असं म्हटलं नाही, पण मला ते ऐकू आलं. दोर तिच्या हातात दिला आणि मी हातोडा घेऊन खाली बसलो.

कापड वर गेलं. पिंगी आणि आई एकमेकींना दिसेनाशा झाल्या. माझी पहिली खुंटी दगडावर बसली, निघेना. दोराला ताण आला तशी पिंगी पलीकडून म्हणाली, "आजी, मी सोडतेय गं. हात सोलले माझे."

आणि आई कापडाआडून ओरडली, "सोडू नकोस. धरून ठेव. सगळी आत आहेत."

हातोडा माझ्या हातातच राहिला.

हे तिचं दरवर्षीचं वाक्य, ताई. तुलाच ओरडायची. त्या दिवशीही मी ऐकलं होतं, पण रोजच्या आवाजासारखं, लक्ष न देता. खुंटी सोडून मी पिंगीकडे गेलो, दोर तिच्या हातातून घेतला आणि तिला हळूच विचारलं, "पिंगे, तुझ्या आईनं आजीला ते कधी सांगितलं? घर सोडायचं?"

ती म्हणाली, "दोर धरून उभी होती तेव्हाच. आई म्हणते, हात गुंतलेले असले की बोलायला सोपं जातं. आणि आजीचं तोंड दिसत नव्हतं म्हणून."

मी म्हटलं, "मग आजीला ते ऐकू आलं कशावरून?"

आतून मोठीचा आवाज आला. "बाबा, आजीला ऐकू येत नाही. समोरून बोललं तरच कळतं. तोंड बघून."

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगायचं काय त्यात? तिला मागून हाक मारून उपयोग नसतो. आम्ही पाण्यात दगड मारतो, मग ती बघते."

टिल्लू म्हणाला, "बाबांना सांगायचं नव्हतं. आजी आता मला पहिला नंबर देणार नाही." पाण्यात उतरायचा पहिला नंबर. त्या भावात तिनं आमच्या पोरांची तोंडं बंद केली होती, आणि आम्ही तिचं वय झालं असं म्हणून मोकळे.

मला तरी खात्री करून घ्यायची होती. कापडाच्या या बाजूला उभा राहून मी मोठ्यानं म्हटलं, "आई, तुझ्या चपला तळ्यात वाहून चालल्या." ती तिकडून म्हणाली, "हो, ठोक आता, मी धरलाय."

तू म्हणशील, मला काय तंबू कळत नव्हता? कळत होता. पण तुझा जीव टांगणीला लागलेला होता. एवढं मोठं वाक्य तू बोललीस आणि पलीकडून त्याच शब्दाला उत्तर आलं. तिला ऐकू येतं असं धरून चाललं तर त्याचा दुसरा अर्थ कुणी लावला असता? मीही मागे गॅलरीत तिच्यासमोर बसून तेच ऐकलं. ती सगळा वेळ दोराबद्दल बोलत होती आणि मी तुझ्या संसाराबद्दल.

अजून तिच्याशी बोललो नाही. आधी तुला लिहिलं.

महाराज


११ मे

ताई,

बोललो.

न्याहारीनंतर आई काठावरच्या दगडावर पाण्यात पाय सोडून बसली होती. मी पँट वर करून पाण्यात उतरलो आणि तिच्या समोर उभा राहिलो, तोंड दिसेल असा. माझ्याकडे बघितल्या बघितल्या ती म्हणाली, "कुणी सांगितलं? टिल्लूनं ना?"

"सगळ्यांनी. कधीपासून?"

"मशीन सुटली त्याच्या आधीपासून. तिथं सगळ्याच जणींचं असं. आम्ही एकमेकींच्या तोंडाकडे बघून बोलायचो, तेव्हा काही वाटायचं नाही."

"आम्हाला का नाही सांगितलंस?"

तिनं पायानं पाणी उडवलं, माझ्या अंगावर आलं. "सांगितलं असतं तर मला इथं आणलं असतंत? पाण्यात जाऊ दिलं असतंत? तुझी बायको आत्ताच गुडघ्यापर्यंत म्हणते. मग घोट्यापर्यंत म्हणाली असती. मग म्हणाला असतात, आई, तुम्ही घरीच बसा, आम्ही फोटो दाखवतो." मग म्हणाली, "पाठीवर पडलं की कान पाण्यात बुडतात. मग पोरांना तरी काय ऐकू येतं? तेवढा वेळ सगळी माझ्यासारखीच."

मला तिच्यावर चिडता आलं नाही. तिचं बरोबर होतं, आम्ही तसंच म्हणालो असतो. मग मी तिला तुझं सगळं सांगितलं. हळू, एकेक शब्द, ती ओठांकडे बघत होती. तू दोर धरून काय बोललीस ते. तिच्या "सोडू नकोस"चा तुला काय अर्थ लागला ते. भाऊजींचंही थोडं सांगितलं, हातावरच्या डागाचं. तो बहुतेक तिला ठाऊक होता.

पलीकडे पोरं कुणाला तरी पाण्यात ढकलत होती.

"मी दोराचं म्हणत होते," शेवटी म्हणाली.

"माहीत आहे."

"मला वाटत आलं, मी पोरांदेखत ओरडले म्हणून रुसली. म्हटलं, एवढ्यावरून कुणी आईला टाकतं का? मग मीही अडून बसले."

इथंच थांबलो असतो तर पत्र गोड झालं असतं. पण मी आणखी एक विचारलं, आणि ते तुला सांगायचं नसेल तर हे लिहिण्यात अर्थ नाही. मी म्हटलं, "आणि ऐकू आलं असतं तर काय म्हणाली असतीस?"

मला वाटलं, तिला माझे ओठ कळले नाहीत, म्हणून परत विचारणार होतो.

"तेव्हा?" ती म्हणाली. "तेव्हा सोडू नकोसच म्हणाले असते. दुसरं काय येणार होतं माझ्या तोंडातून? माझ्या आईनं मला तेच सांगितलं होतं." मग म्हणाली, "पण मग मला झोप लागली नसती. आणि सकाळी मी तिला उठवून म्हणाले असते, चल, तुझे कपडे आणू. फक्त ती सकाळपर्यंत थांबायला हवी होती."

"हे लिहू तिला?"

"लिही. गोड करून लिहू नकोस, तुला सवय आहे." दगडावरून उठायला तिनं माझा हात धरला. "आणि लिही की रविवारी दुपारी तंबू उतरवायचाय. यंदा शेवटचा. मी लांबच्या दोराला कुणाला हात लावू देणार नाही. पिंगीला पण नाही."

मी म्हटलं, "नाही आली तर?"

"तर मग राहू दे उभा. वाऱ्यानं पडेल तेव्हा पडेल."

सोमवारी मला पंपघरात हजर व्हायचंय, हे तिला सांगून काही फायदा नव्हता. सांगितलं असतं तरी ऐकू आलं नसतं, आणि या वेळी ते कानामुळे नव्हे.

पोस्टानं हे पत्र रविवारपर्यंत पोचणार नाही. पिंगी म्हणते, "मामा, द्या, फोटो काढून आईला पाठवते. कालचंही." मी नको म्हणालो. पत्र म्हणजे पत्र. मग हो म्हणालो. अक्षर लागत नसेल तर तिला विचार, ती वाचून दाखवेल.

देवाकडे मी बऱ्याच दिवसांनी आज काहीतरी मागितलं. काय ते लिहीत नाही.

महाराज


२१ मे

ताई,

हे पत्र कशाला, असं तुला वाटेल. तू आलीस, सगळं तुझ्यासमोर झालं, संध्याकाळच्या बसनं परत गेलीस कारण सकाळी तुला धुलाईघरात कामावर जायचं होतं. आईशी तू फार बोलली नाहीस, तीही नाही. निघताना ती तुला म्हणाली, "जेवलीस का?" आणि तू हो म्हणालीस. बसमध्ये बसताना तुझा चेहरा मला दिसला. तुला वाटलं असेल, एवढ्यासाठीच आले का मी?

तंबू अजून फाडलेला नाही. घडी करून आईच्या खाटेखाली आहे. कानाच्या डॉक्टरकडे बुधवारी जाऊन आलो. यंत्र बसवायचं म्हणतात. आई म्हणते, पाण्यात चालणारं असेल तर विचार करते. तुझी भावजय खूप दिवसांनी मोठ्यानं हसली. मी अजून थकलेलाच आहे, पण आता आवाज चढवत नाही, तिच्यासमोर जाऊन बसतो. त्यात निम्मं काम वाचतं.

लिहायचं कारण सांगतो. त्या दुपारी मध्ये कापड होतं. तुझ्या बाजूचं तुला दिसलं, तिच्या बाजूचं नाही. मी मधोमध उभा होतो, मला दोन्हीकडचं दिसत होतं.

तू बसमधून उतरून सरळ लांबच्या दोराकडे गेलीस. कुणाशी न बोलता खुंटीची गाठ सोडलीस, दोर हाताला गुंडाळलास आणि पाय रोवून उभी राहिलीस. पोरं बाहेर आली होती. आईनं तिच्या बाजूची गाठ आधीच सोडून दोर हातात घेतला होता. तू आलीस हे तिनं पाहिलं नव्हतं. माझ्याकडे बघून ती म्हणाली, "आली का?" मी मान हलवली. "धरलाय का तिनं?" मी पुन्हा मान हलवली. तिला वाटत होतं ती कुजबुजतेय. राखणदारालासुद्धा ऐकू गेलं असेल, पण तुला नाही, कारण तेव्हा पिंगी तुझ्याशी बोलत होती.

उतरवायची वेळ झाली. आईनं "सोड" म्हणायला हवं होतं. ती म्हणेना. तू दोर धरून उभी, ती दोर धरून उभी, आम्ही सगळे उन्हात उभे. टिल्लू मला म्हणाला, "बाबा, आजी विसरली का?" तू पिंगीला म्हणालीस ते मला ऐकू आलं. "वारा फार आहे गं आज. दोर सारखा हिसकतोय." आणि तू अजून एक वेढा हाताला घेतलास. मग केव्हातरी आईनं आवाज दिला, "सोड गं. सोड आता," आणि तू सोडलास, आणि कापड खाली बसलं, आणि तुम्ही एकमेकींना दिसलात. तिथून पुढचं तुला माहीत आहे.

त्याच्या आधीचं तुला माहीत नाही, म्हणून हे पत्र. वारा नव्हता, ताई. तळ्यावर पान हलत नव्हतं. पलीकडे कुणी आहे की नाही हे तिला ऐकून कळत नाही. म्हणून आई दोर ओढून बघत होती. हळूच ओढायची आणि थांबायची. तू पाय रोवून धरून ठेवायचीस, आणि ती पुन्हा ओढायची.

तुझा,
महाराज